स्टुलाचा पाट झाला : शनिवार-रविवार, घरचे आणि बाल्कनीतलं वर्कशॉप

बाल्कनीतला_सुतार (पुणे) | रविवार, रात्री 10:20

मंडळी, दोन दिवस खपून एक स्टूल करायला घेतलं होतं. त्याचा पाट झाला. हसून झालं की पुढचं वाचा, कारण प्रश्न स्टुलाचा नाहीच.

लेक आठ वर्षांची. बेसिनपाशी तिचा हात नळापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून प्लास्टिकच्या उलट्या बादलीवर उभी राहून दात घासते. बादली दोनदा सटकली. बाजारात स्टुलं ढिगानं मिळतात, हे बायकोनं सांगितलंच. पण माळ्यावर आजोबांच्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या पडून होत्या. शिवाय आठवडाभर स्क्रीनसमोर बसून माझे हात शिवशिवत असतात. ठरवलं, या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून स्टूल करायचं. 'फॅमिली टाइम'पण आणि कामपण.

शनिवारी पोहे खाऊन सुरुवात झाली. अवजारं अशी: करवत, छोटा रंधा, एक पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, दोन सी-क्लँप आणि ड्रिल मशीन. बाबा भोसरीत फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गुण्या दिसला की माणूस पुन्हा ड्यूटीवर. लेकीला पॉलिश पेपर दिला होता, 80 नंबरचा. तिनं एक पाय अर्धा घासला. मग बाबा म्हणाले, "अगं, रेषेच्या दिशेनं घास, आडवं नको. दे इकडे, दाखवतो." दाखवता दाखवता त्यांनी चारही पाय घासून काढले. करवतीचं तेच, फक्त तिथे हिसकावणारा मी होतो. अकरा वाजता लेक आत गेली ती टीव्हीसमोर. आम्हा दोघांना ते दुपारी जेवताना कळलं.

संध्याकाळी स्टूल उभं राहिलं. उंची 11 इंच. आणि डुगडुगायला लागलं. एक पाय लांब वाटला, तो कापला. मग दुसरा लांब वाटला, तोही कापला. बाबा म्हणत होते थांब, मी म्हणत होतो फक्त एवढाच. रविवारी दुपारपर्यंत उंची साडेचार इंच. आईनं येऊन बघितलं आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरातून पोळपाट आणून समोर ठेवला. "याला पाय किती?" तीन. "हा कधी डुगडुगलाय?" नाही.

रात्री बायको भुसा झाडत म्हणाली, "हा फॅमिली टाइम नव्हता. हा तुझा आणि बाबांचा टाइम होता. आम्ही प्रेक्षक, आणि प्रेक्षकांनाच शेवटी झाडू मारायला लागला." उत्तर सुचलं नाही.

तर प्रश्न दोन. एक, तीन पायांचं स्टूल करू का? दोन, सुट्टीत असली कामं काढता तेव्हा घरचे खरंच त्यात असतात का, की आपणच तसं मानून घेतो?

---

वाळवी | रविवार, रात्री 10:52

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: करू नका.

तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही हे खरं. तीन टोकं कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकतातच, भांडण चौथ्या पायापासून सुरू होतं. पण न डुगडुगणं वेगळं आणि न कलंडणं वेगळं. पोळपाटावर तुम्ही मध्यभागी दाब देता. मूल स्टुलाच्या कडेवर पाय देऊन चढतं. तीन पायांच्या मधल्या त्रिकोणाबाहेर वजन पडलं की स्टूल उलटतं, आणि ते आधी डुगडुगून सूचनाही देत नाही. बसायला तीन चालतील, पाय बाहेर फाकवलेले असतील तर. उभं राहायला चारच, तेसुद्धा थोडे बाहेर कललेले.

डुगडुगणं काढायची रीत सांगतो. एक एक पाय कापत बसू नका, सगळे तसंच करतात आणि सगळ्यांचा पाट होतो. घरातली सर्वांत सपाट जागा म्हणजे ओट्याचा ग्रॅनाइट, फरशी नव्हे. स्टूल त्यावर ठेवा. आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत वरची फळी सगळीकडून सारख्या उंचीवर आणा. मग लाकडाचा एक ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि ठोकळा ओट्यावरून फिरवत चारही पायांवर सगळ्या बाजूंनी रेघ मारा. ती रेघ ओट्याला समांतर असते. आता चारही पाय त्या रेघेवर कापा. एकदाच.

---

चांदागडचा | रविवार, रात्री 11:05

सागाचे पाय साडेसहा इंच कापून टाकले??? अहो, आमच्या बल्लारशाहचा साग 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. तुम्ही त्याचे खुंट पाडताय. ते तुकडे टाकू नका, निदान दाराचे अडसर करा.

---

शमिका_ठाणे | रविवार, रात्री 11:30

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. माझ्या माहेरी 'दुरुस्ती' हे बाबांचं खातं. त्याचा अर्थ बाबा स्टुलावर आणि आम्ही तिघी खाली: एक टॉर्च धरायला, एक स्क्रू धरायला, एक ओरडा खायला. टॉर्च हलला की घराण्याचा उद्धार. त्या टॉर्चवाल्या मुलीनं पुढे स्वतः शिकून घेतलं. आता आमच्या घरी मिक्सरचे कार्बन ब्रश मी बदलते. मिक्सरमधून ठिणग्या दिसायला लागल्या आणि जळका वास आला की लोक मोटर गेली समजतात. बऱ्याचदा दोन छोटे कार्बनचे तुकडे झिजलेले असतात, बस. जुना काढून दुकानात न्यावा आणि त्याच मापाचा आणावा.

गेल्या महिन्यात पंखा मंद फिरत होता. कपॅसिटर बदलला, 2.5 मायक्रोफॅरडचा होता, तेवढ्याचाच लावला. मुलगा (11) खाली उभा होता. या वेळी टॉर्च मी तोंडात धरला आणि स्क्रू त्याला काढायला लावले. नुसत्या बटणावर भागवलं नाही, आधी एमसीबी खाली पाडला. तो पाडायचं कामही त्याचं आणि "पडला" असं ओरडायचं कामही त्याचं. जुन्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून त्याच्या तारांना हात त्याला लावू दिला नाही. पंधरा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. पण आता पाहुणे आले की तो पंख्याकडे बोट दाखवतो.

मुद्दा एवढाच की टॉर्च धरणं म्हणजे सहभाग नव्हे.

---

नेमस्त | सोमवार, सकाळी 7:15

+1. टॉर्च धरलेल्या सर्व मुलांची एक संघटना काढावी. मी आजीव सभासद.

---

गराजवाला (न्यू जर्सी) | सोमवार, सकाळी 8:02

इथून लिहितोय. इकडे गराज असतं, म्हणजे जागेची रड नाही. भारतात असताना वाटायचं, जागा असती तर काय काय केलं असतं. जागा मिळाली आणि पहिली दोन वर्षं तिथे फक्त खोकी ठेवली.

पहिलं काम काढलं ते पुस्तकांच्या रॅकचं. दुकानातून टू-बाय-फोर आणले, कागदावर 2 इंच बाय 4 इंच धरून सगळा हिशेब केला आणि रॅक कुठेच जुळेना. टू-बाय-फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं! रंधून आणि वाळवून उरतं तेवढं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फक्त इंजिनियरिंगची पदवी घेऊन आलेल्या माणसाला नसतं.

मुलांबद्दल: होम डेपो या इथल्या हार्डवेअरच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांचं फुकट वर्कशॉप असतं. आयते कापलेले तुकडे, खिळे, डिंक देतात. पोरं ठोकून घरी आणतात. मुलगी तिथे रमायची आणि माझ्या गराजमध्ये पाय ठेवायची नाही. मला वाईट वाटायचं. एकदा बायकोनं लक्षात आणून दिलं की तिथे वस्तू तासाभरात पुरी होते आणि वस्तू तिची असते. माझ्याकडे काम तीन महिने चालतं आणि वस्तू माझी असते. त्यानंतर मी 'एका बैठकीत संपेल ते तिचं' असा नियम केला. पक्ष्यांना दाणे ठेवायचं खोकं केलं. छप्पर वाकडं आहे. खारी येऊन सगळं खातात, पक्ष्यांना काही उरत नाही, तो भाग वेगळा.

---

गिरणगावकर | सोमवार, दुपारी 1:40

अवांतर, पण राहवत नाही. हा जो रविवार आपण स्टुलात घालवतो तो फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, तेव्हा 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही आमच्या बाजूचे लोक आवर्जून सांगतात.

आमच्या चाळीत रविवार म्हणजे आजोबांची खाट गॅलरीत, ढेकूण मारायचा कार्यक्रम आणि नवारीची पट्टी ओढून ताणायची. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला आम्ही चार नातवंडं. नवार सैल राहिली की शिव्या. 'फॅमिली टाइम' हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण चार जणांशिवाय नवार ताणलीच जात नसे. कामच असं होतं की माणसं लागायची.

---

बाल्कनीतला_सुतार | सोमवार, रात्री 9:10

गिरणगावकर, तुमचं शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ." एवढंच.

आमच्याकडची वेगळी गंमत. बाबांची कंपनीची सुट्टी गुरुवारी आणि आमची शाळेची रविवारी. एका घरात राहून सुट्टीच्या दिवशी आम्ही एकमेकांना भेटत नव्हतो. गुरुवारी आम्ही शाळेतून आलो की काहीतरी दुरुस्त झालेलं असायचं, कडी, नळ, सायकलचा ब्रेक. ते कसं दुरुस्त होतं हे कधी बघितलंच नाही. कदाचित म्हणूनच आता त्यांना हातातलं सोडवत नसेल. हे मी काल रात्री झोप येत नव्हती तेव्हा शोधून काढलं, चूकही असेल.

---

कारकून_नं_1 | सोमवार, रात्री 9:48

आम्हा सरकारी लोकांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला 29 फेब्रुवारी 2020 पासून, रोज पाऊण तास वाढवून घेऊन. पहिल्या शनिवारी घरातल्या कामांची यादी केली. महिना पुरा व्हायच्या आत टाळेबंदी लागली आणि हार्डवेअरची दुकानं बंद. यादी अजून फ्रिजवर आहे.

---

मास्तर_निवृत्त (सोलापूर जिल्हा) | मंगळवार, सकाळी 6:30

धागा आवडला. मी प्राथमिक शिक्षक होतो. आमच्या लहानपणी शाळेत टकळीवर सूत काढायला लागे. 1937 च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिक्षणाची, ती उरलीसुरली शेपटी. सूत कमी आणि गुंता जास्त निघायचा. पण गुंता सोडवायला शिकलो, ते आयुष्यभर पुरलं.

पाबळच्या विज्ञान आश्रमात एकदा गेलो होतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेली संस्था. तिथे मुलं खरी कामं करत होती, वेल्डिंग, वायरिंग, गावातल्या कुणाचं तरी काम. वेल्डिंग नीट झालं नाही तर गिऱ्हाईक परत येणार, हे मुलाला माहीत असतं. त्यामुळे शिक्षकाला ओरडावं लागत नाही.

आठ वर्षांच्या मुलीसाठी सुचवू का? टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं दाखवलेली गोष्ट करा: आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचे छोटे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे दांडे. त्रिकोण करा, तो दाबूनही आकार सोडत नाही. चौकोन करा, लगेच वाकडा होतो. चौकोनाला एक तिरकी काडी लावा, घट्ट. तुमच्या स्टुलाच्या पायांमध्ये आडव्या-तिरक्या पट्ट्या का लागतात ते तिला आपोआप कळेल, आणि एका बैठकीत संपेल. गराजवाला यांचा नियम पाळला जाईल.

खिळा ठोकताना बोट वाचवायला कपड्यांचा चिमटा किंवा जुनी फणी वापरा. दातांमध्ये खिळा धरायचा (फणीच्या!) आणि बोटं लांब ठेवायची.

---

सावंतवाडीचो | मंगळवार, दुपारी 3:20

पुण्यातल्या लोकांना पावसाळ्याचा त्रास कमी, म्हणून सांगतो. जुलैत दार अडतं म्हणून रंधा मारू नका. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. जुलैत रंधलंत तर जानेवारीत त्याच फटीतून वारा येईल. ड्रॉवर अडत असेल तर कडेला मेणबत्ती घासा, दिवाळीपर्यंत तग धरेल. आमच्याकडे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात. मुलांना पहिल्यांदा कापायला असलंच मऊ लाकूड द्या. सागावर कशाला परीक्षा घेताय पोरीची?

आणि ते स्टूल बेसिनजवळ राहणार ना? पॉलिश काय मारलंय?

---

बाल्कनीतला_सुतार | मंगळवार, रात्री 8:45

स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश मारायचं ठरवलं होतं. आणि फेविकॉल साधाच, एसएच.

---

वाळवी | मंगळवार, रात्री 9:02

दोन्ही चूक.

लाख पॉलिश दिसायला सर्वांत देखणं, पण पाणी साचलं की पांढरे डाग. गरम कप ठेवला तरी गोल उठतो. बेसिनजवळ पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या, दर दोन हातांच्या मध्ये 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून. साधा पांढरा फेविकॉल सतत ओलाव्यात टिकत नाही, मरीन घ्या. क्लँप रात्रभर लावा आणि पूर्ण दिवस त्यावर कुणाला चढू देऊ नका. प्लाय वापरणार असाल तर शिक्का बघा: 303 म्हणजे सर्वसाधारण वापराचा, 710 म्हणजे मरीन.

कुणी जवसाचं तेल सुचवेल. छान दिसतं, पण त्या तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घरात मुलं आहेत म्हणून सांगतो, एरवी मी इतका बोलत नाही.

---

शमिका_ठाणे | मंगळवार, रात्री 9:06

"एरवी मी इतका बोलत नाही" :D

---

खालचा_मजला | बुधवार, रात्री 10:15

मी तुमच्या खाली राहत नाही, पण कुणाच्या तरी खाली राहतो. रविवारी दुपारी ड्रिल वाजलं की आमचा फॅमिली टाइम म्हणजे पाच जण छताकडे बघत बसतात. ही पण एक बाजू.

---

बाल्कनीतला_सुतार | पुढचा रविवार, रात्री 10:05

अपडेट. (खालचा_मजला, ड्रिलची सगळी भोकं शनिवारी अकरा ते साडेअकरा उरकली आणि खाली आधी जाऊन सांगून आलो. त्यांनी विचारलं, "आमच्याही दोन भिंतींत भोकं पाडून देणार का?" दिली.)

या वेळी काम काय काढायचं हे मी ठरवलं नाही. बायकोनं ठरवलं. तिला दोन वर्षं मसाल्याच्या डब्यांसाठी उभी मांडणी हवी होती, ती पहिली. मापं तिची, चित्र तिचं. मी 12 मिमी प्लाय दुकानातच मशीनवर कापून आणला. घरी फक्त जोडणी. "कप्प्याची उंची डब्यापेक्षा दोन बोटं जास्त, हात जायला," असं ती म्हणाली. मी डब्याएवढीच धरली असती.

मग स्टूल. पायांना साग उरला नव्हता (चांदागडचा, माफी), म्हणून पॅकिंगच्या खोक्याचं पाईन घेतलं. मऊ असल्यानं लेकीला करवत चालवता आली. सुरुवात मी करून दिली, कारण पहिल्या दोन घावांत करवत उड्या मारते. नंतर हात मागे. बाबांना कठीण गेलं. त्यांनी खरंच हात पाठीमागे बांधले होते. एकदा "दे इकडे" निघालंच तोंडातून. लेक म्हणाली, "आबा, तोंडानं सांगा." मग त्यांनी तोंडानं सांगितलं. चाळीस वर्षांत बाबांनी कुणाला काही तोंडानं शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं, निदान मला तरी नाही. "रेघ पूर्ण पुसू नको. करवत रेघेच्या बाहेरून चालव, रेघ अर्धी दिसत राहिली पाहिजे. उरलेलं कानशीनं." हे मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी स्टूल अर्थातच डुगडुगलं. बाबांनी, मी आणि लेकीनं मिळून ते ओट्यावर चढवलं. आई पोळ्या लाटत होती, तिला पोळपाटासकट जेवणाच्या टेबलावर हलवलं, त्याबद्दल जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. पुठ्ठ्याऐवजी जुन्या पत्रिका सरकवल्या. लग्नपत्रिका एकसारख्या जाडीच्या असतात, हा आमचा शोध. तीन पत्रिकांत फळी सरळ झाली. ठोकळ्यावर पेन्सिल धरून लेकीनं चारही पायांना रेघा मारल्या. कापलं. खाली ठेवलं. गप्प उभं राहिलं.

वाळवी, तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण आमच्या घरी तुमचं नाव निघतं.

जुना साडेचार इंची पाट आईनं ताब्यात घेतला. देवापुढे जमिनीवर बसलं की तिचे गुडघे बोलतात आणि खुर्ची तिला पटत नाही. साडेचार इंच बरोब्बर बसले. तो अजूनही थोडा डुगडुगतो. त्याच्या एका पायाखाली माझ्याच लग्नाची पत्रिका घडी करून ठेवली आहे.

भुसा कुणी झाडला विचाराल. मी झाडला. नीट झाडला नाही असं कळलं.

---

गराजवाला (न्यू जर्सी) | सोमवार, सकाळी 7:50

मस्त! खारी येणार नाहीत याची काळजी घ्या.

---

वाळवी | सोमवार, सकाळी 8:10

फोटो टाका. पायांचे सांधे बघायचे आहेत.

---

बाल्कनीतला_सुतार | सोमवार, सकाळी 8:14

आत्ता नाही जमणार. त्यावर उभं राहून कोणीतरी दात घासतंय आणि पंधरा मिनिटं झाली, खाली उतरत नाहीये.